बस पोचत नाही तिथे : अनुदानित टॅक्सी आणि शहराची सार्वजनिक वाहतूक

प्रस्तावना

शहराच्या कडेला नवी वसाहत उभी राहते तेव्हा पाणी येते, वीज येते, यथावकाश रस्ताही डांबरी होतो. बस मात्र येत नाही. रहिवासी अर्ज करतात, नगरसेवक पत्र देतात आणि परिवहन विभागाकडून ठरलेले उत्तर येते : या मार्गावर पुरेसे प्रवासी नाहीत. बसच नाही तर प्रवासी कुठून दिसणार, असे रहिवासी विचारतात. दोघांचेही म्हणणे खरे असते. तोवर प्रत्येक घरात दुचाकी आलेली असते. ज्यांना ती चालवता येत नाही, म्हणजे म्हातारी माणसे, शाळकरी मुले, अपंग व्यक्ती आणि धुणीभांडी करायला पहाटे निघणाऱ्या बाया, त्यांनी पायपीट करायची किंवा रिक्षावाला मागेल ते भाडे द्यायचे, एवढेच उरते.

ही कोंडी फोडण्याचा एक मार्ग जगातल्या अनेक शहरांनी गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत चोखाळला आहे. स्वतःची रिकामी बस फिरवण्याऐवजी रस्त्यावर आधीच असलेल्या टॅक्सीला काम द्यायचे. प्रवाशाने बसच्या तिकिटाएवढे किंवा त्याहून थोडे जास्त भाडे द्यायचे आणि उरलेली रक्कम नगरपालिकेने किंवा परिवहन संस्थेने टॅक्सीवाल्याला चुकती करायची. यालाच अनुदानित टॅक्सी म्हणतात. पुढील पानांचा विषय तोच आहे. ही कल्पना कुठून आली, कुठे यशस्वी झाली, कुठे अंगाशी आली आणि आपल्याकडे तिचा विचार करताना कोणते भान ठेवायला हवे, हे या प्रस्तावनेत थोडक्यात मांडतो.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘अनुदान’ म्हटले की पुष्कळांच्या कपाळावर आठी पडते, जणू नेहमीची बस स्वतःच्या पायावर उभी असते आणि टॅक्सीलाच सरकारी टेकू लागतो. वस्तुस्थिती तशी नाही. तिकिटाच्या पैशांतून बसचा सगळा खर्च निघतो, असे चित्र जगातल्या फारच थोड्या शहरांत दिसते. मुंबईत ‘बेस्ट’च्या बसचा तोटा वर्षानुवर्षे तिच्याच वीज विभागाच्या उत्पन्नातून भरून निघत होता, पुढे तो आधार सुटला आणि महापालिकेपुढे हात पसरण्याची वेळ आली. म्हणजे अनुदान दोन्हीकडे आहे. फरक ते कशासाठी दिले जाते यात आहे. बसला आपण गाडी धावण्याचे पैसे देतो. गाडीत पाच माणसे असोत की पन्नास, चालक, डिझेल, आगार यांचा खर्च जवळपास तोच राहतो. टॅक्सीला आपण प्रत्येक प्रवासाचे पैसे देतो. प्रवास झाला नाही तर खर्च नाही, झाला तर प्रत्येक वेळी खर्च. या विषयातले सगळे गुण आणि सगळे दोष या एका फरकातून निघतात. पुढचे प्रत्येक उदाहरण वाचताना तो ध्यानात ठेवावा.

या कल्पनेची एक जुनी आणि आजही भक्कम शाखा अपंगांच्या प्रवासाची आहे. लंडनमध्ये १९८३ साली ‘टॅक्सीकार्ड’ योजना सुरू झाली. ज्यांना चालणे फार कठीण आहे किंवा ज्यांची दृष्टी अधू आहे अशा नागरिकांना एक कार्ड मिळते. ते दाखवून ते टॅक्सीने जातात, ठरलेला किमान वाटा स्वतः देतात आणि मीटरवरची पुढची रक्कम एका मर्यादेपर्यंत सार्वजनिक तिजोरीतून भरली जाते. लंडनच्या काळ्या टॅक्सीत व्हीलचेअर चढवता येते, कारण पुढे परवाना मिळण्याची ती अटच झाली. त्यामुळे वेगळ्या गाड्या विकत घेणे, वेगळे चालक नेमणे हा खटाटोप करावा लागला नाही. शहरभर आधीच फिरणाऱ्या गाड्या अपंगांसाठीही खुल्या झाल्या आणि दवाखान्याइतकाच नाटकाला किंवा नातेवाइकांकडे जाण्याचा हक्कही मान्य झाला.

अमेरिकेत १९९० च्या अपंग हक्क कायद्याने हेच काम वेगळ्या वाटेने केले. जिथे नेमून दिलेल्या मार्गावर बस धावते, तिथे त्या मार्गाच्या पाऊण मैलाच्या पट्ट्यात, बस वापरू न शकणाऱ्या अपंग व्यक्तीला पर्यायी वाहन देणे परिवहन संस्थांवर बंधनकारक झाले. भाडे बसच्या तिकिटाच्या दुपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. हक्क मोठा होता, पण त्याचा खर्चही मोठा निघाला. बॉस्टनमध्ये अशा एका फेरीला तीस डॉलरहून जास्त खर्च येई आणि प्रवाशाला आदल्या दिवशी नोंदणी करावी लागे. उद्या दुपारी आपल्याला कुठे जायचे आहे हे आज ठरवणे धडधाकट माणसालाही जमत नाही. २०१६ मध्ये तिथल्या परिवहन संस्थेने उबर आणि लिफ्ट यांच्याशी करार करून प्रयोग केला. प्रवाशाने पहिले दोन डॉलर द्यायचे, पुढची ठराविक मर्यादेपर्यंतची रक्कम संस्थेने द्यायची. गाडी काही मिनिटांत दारात येऊ लागली आणि संस्थेचा दर फेरीमागचा खर्चही उतरला. टॅक्सीचे अनुदान कुठे शोभून दिसते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

दुसरी शाखा विरळ वस्तीची. जर्मनीत अनेक गावांत आणि उपनगरांत रात्रीच्या किंवा रविवारच्या फेऱ्यांना बसऐवजी टॅक्सी येते. तिला बससारखेच वेळापत्रक असते, बसचेच थांबे असतात. फक्त निघण्याआधी साधारण अर्धा तास फोन करून कळवावे लागते. कुणीच कळवले नाही तर गाडी सुटत नाही. तिघांनी कळवले तर तिघांना मिळून एकच गाडी येते आणि तिकिटावर थोडा अधिभार लागतो. नेदरलँड्समध्ये १९९० च्या सुमारास रेल्वे स्थानकांवर ‘ट्राइनटॅक्सी’ सुरू झाली. आगगाडीच्या तिकिटासोबत तिचेही ठरावीक दराचे तिकीट मिळे. स्थानकाबाहेर ती आणखी प्रवाशांसाठी थोडे थांबे आणि मग सगळ्यांना घेऊन गावभर सोडत जाई. २०१४ पर्यंत ही सेवा टिकली. या दोन्ही ठिकाणी टॅक्सीला बसचे नियम लागू केले होते. ठरलेला दर आणि एकत्र प्रवास दोन्हीकडे, जर्मनीत ठरलेली वेळही.

तिसरी शाखा मोबाइल ॲपबरोबर आली आणि खरा वाद तिथून सुरू झाला. फ्लोरिडातल्या पिनेलस परगण्याच्या परिवहन संस्थेने फेब्रुवारी २०१६ मध्ये दोन भागांत योजना आखली. घरापासून बसथांब्यापर्यंत किंवा थांब्यापासून घरापर्यंत उबरने किंवा स्थानिक टॅक्सीने जा. निम्मे भाडे, तीन डॉलरच्या मर्यादेपर्यंत, आम्ही देऊ. इथे टॅक्सी बसला प्रवासी आणून देत होती. याच संस्थेने रात्रपाळी करणाऱ्या अल्प उत्पन्न गटातल्या कामगारांसाठी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत मोफत फेऱ्यांचीही सोय केली. बस बंद झाल्यावर हॉटेलातले वेटर, रुग्णालयातले सफाई कामगार घरी कसे जातात, हा प्रश्न शहराच्या नियोजनात क्वचितच कुणी विचारतो. तिथे तो विचारला गेला.

एका छोट्या गावाने मात्र याच्या कितीतरी पुढे उडी घेतली. त्याची गोष्ट जरा तपशिलाने सांगायला हवी, कारण या विषयातला सगळा धडा तिच्यात आहे.

कॅनडात टोरांटोच्या उत्तरेला सिम्को सरोवराच्या काठी इनिसफिल नावाचे नगर आहे. २०१६ च्या जनगणनेत लोकसंख्या ३६ हजारांच्या घरात. अल्कोना, स्ट्राऊड, लेफ्रॉय, कुकस्टाऊन अशा वाड्यावस्त्या शेतांमधून दूरदूर पसरलेल्या. गावाची स्वतःची सार्वजनिक वाहतूक अजिबात नव्हती. नगर परिषदेने बस सुरू करण्याचा अंदाज काढला तेव्हा एका बसला वर्षाला सुमारे २ लाख ७० हजार डॉलर आणि दोन बसना ६ लाख १० हजार डॉलर लागतील, असे दिसले. एवढे खर्चून ती बस एका रेषेत धावणार आणि रेषेपासून लांब राहणाऱ्यांच्या हाती काहीच पडणार नाही. परिषदेने बसचा नाद सोडला आणि १५ मे २०१७ पासून उबरलाच गावाची सार्वजनिक वाहतूक केले.

योजना सुटसुटीत होती. गावातल्या महत्त्वाच्या ठिकाणांसाठी ठरावीक भाडे ठेवले : नगर परिषदेचे आवार आणि क्रीडा संकुल तीन डॉलर, टोरांटोकडे जाणाऱ्या गो बसचे थांबे चार डॉलर, शेजारच्या बॅरी शहरातले रेल्वे स्थानक पाच डॉलर. इतर कुठेही जायचे असल्यास उबरच्या नेहमीच्या भाड्यात पाच डॉलरची सूट. प्रवाशाने ॲप उघडायचे, ठिकाण निवडायचे, कमी केलेले भाडे आधीच पडद्यावर दिसायचे आणि फरक परिषदेच्या नावे लागायचा. आजवर गाडीवाचून घरात अडकलेला तरुण क्रीडा संकुलात नोकरी धरू शकणार होता, डोळ्यांना कमी दिसणाऱ्या आजोबांना ग्रंथालय गाठता येणार होते. लोकांनी योजना उचलून धरली यात नवल नाही.

आणि तिथेच गणित फिरले. पहिल्या वर्षासाठी परिषदेने १ लाख डॉलर बाजूला ठेवले होते. ते पुरले नाहीत. २०१८ मध्ये जवळपास ८६ हजार फेऱ्या झाल्या आणि परिषदेचा खर्च सुमारे ६ लाख ४० हजार डॉलरवर गेला. म्हणजे एका फेरीमागे साडेसात डॉलरच्या आसपास. दोन बसचा जो खर्च डोळ्यांपुढे येताच परिषदेने माघार घेतली होती, तो दीड वर्षात ओलांडला गेला. शेवटी एप्रिल २०१९ मध्ये ठरावीक भाडी एका डॉलरने वाढली, पाच डॉलरची सूट चारवर आली आणि प्रत्येकाला महिन्याला तीसच फेऱ्या, अशी मर्यादा पडली. रोज कामावर जाऊन येणाऱ्या माणसाला तीस फेऱ्या पंधरा दिवस पुरतात. महिन्याच्या उत्तरार्धात त्याने काय करायचे? बसमध्ये चढताना ‘तुमचा या महिन्याचा कोटा संपला’ असे कुठलाही कंडक्टर सांगत नाही.

इनिसफिलच्या बाजूनेही बोलले पाहिजे. इतक्या पसरलेल्या गावात दारापासून दारापर्यंत सेवा बसने द्यायची तर खर्च अवाच्या सवा झाला असता, हे परिषदेचे म्हणणे रास्त आहे. गावाची स्वतःची वाहतूक पूर्वी शून्य होती आणि आता हजारो लोकांना काहीतरी मिळाले, हेही खरे. चूक कल्पनेत नव्हती. या व्यवस्थेचे यश हाच तिचा खर्च आहे, हे सुरुवातीला ओळखले गेले नाही.

हे गणित एका नमुन्याने समजून घेऊ. समजा एक बस तासभर चालवायला १५०० रुपये लागतात आणि टॅक्सीच्या प्रत्येक प्रवाशामागे ६० रुपये अनुदान द्यावे लागते. तिकिटाचे उत्पन्न क्षणभर बाजूला ठेवू. तासाला पाच प्रवासी असतील तर बस १५०० रुपये खाते, टॅक्सी ३००. इथे टॅक्सी सोडून बसचा हट्ट धरणे वेडेपणाचे. पंचवीस प्रवासी झाले की दोन्ही सारखे. पन्नास झाले की बसचा खर्च तोच १५००, टॅक्सीचा ३०००. त्यापुढे प्रत्येक नवा प्रवासी बसला स्वस्त करत जातो आणि टॅक्सीची थैली रिकामी करत जातो. हर्बर्ट मोहरिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये याच्याही पुढची गोष्ट दाखवून दिली. बसला प्रवासी वाढले की फेऱ्या वाढवता येतात, फेऱ्या वाढल्या की प्रत्येकाचे थांब्यावरचे ताटकळणे कमी होते. म्हणजे नवा प्रवासी जुन्या प्रवाशाचेही भले करतो. अनुदानित टॅक्सीत नवा प्रवासी जुन्याचा स्पर्धक ठरतो, मग ते गाडीसाठी असो की अंदाजपत्रकातल्या तरतुदीसाठी.

हेच गणित मागणीनुसार फिरणाऱ्या छोट्या बसलाही चुकले नाही. फिनलंडच्या हेलसिंकी शहराने २०१२ मध्ये मागणीनुसार मार्ग बदलणाऱ्या छोट्या बस काढल्या. लोकांना त्या आवडल्या, पण प्रवाशामागचे अनुदान नेहमीच्या बसपेक्षा फार जास्त पडू लागले आणि २०१५ अखेर सेवा थांबवावी लागली. टेक्सासमधल्या आर्लिंग्टनने २०१७ अखेर आपली एकमेव बससेवा गुंडाळून ॲपवर बोलावता येणाऱ्या व्हॅन आणल्या. सुमारे चार लाख वस्तीच्या, पण मतदारांनी सार्वजनिक वाहतुकीचा कर पुन्हा पुन्हा नाकारलेल्या त्या शहरात यापेक्षा जास्त काही शक्य नव्हते, असे तिथले लोक सांगतात. तरी एक मर्यादा कुणालाच ओलांडता येत नाही. दारोदार माणसे गोळा करणारी गाडी तासाला चार-पाच प्रवासी नेते. चांगल्या मार्गावरची बस तेवढे एका थांब्यावर घेते.

पैशापलीकडचे तीन प्रश्न आहेत आणि ते तितकेच महत्त्वाचे आहेत. पहिला रस्त्याचा. संध्याकाळी सहा वाजता एका भरल्या बसमधली माणसे टॅक्सीत बसवली तर पंधरा-वीस गाड्या लागतील; गजबजलेल्या शहरात तेवढी जागा नाही. दुसरा कोण वगळले जाते याचा. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, बँक खाते जोडलेले नाही, जो व्हीलचेअरवर आहे, त्याच्यासाठी फोनवरून नोंदणी, रोखीने भाडे आणि योग्य गाडी यांची सोय आधीच नसेल तर ती वाहतूक सार्वजनिक म्हणता येणार नाही. तिसरा चालकाचा. बसचालकाला पगार, रजा, भविष्य निर्वाह निधी असतो. टॅक्सी स्वस्त पडते तेव्हा तिच्या स्वस्ताईचा काही भाग चालकाच्या बारा-चौदा तासांच्या दिवसातून आलेला असतो. सार्वजनिक पैसा ज्या गाडीत जातो, तिच्या चालकाच्या मिळकतीचा हिशेब ठेवणे ही सार्वजनिक जबाबदारी आहे.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. उलट त्याचा अर्धा भाग आपल्याकडे कधीचाच आहे. मुंबईत चर्चगेटहून नरिमन पॉइंटला जाणारी शेअर टॅक्सी, उपनगरांतल्या स्टेशनांबाहेर तीन सीट भरल्या की सुटणारी शेअर रिक्षा, पश्चिम महाराष्ट्रातले वडाप, मराठवाडा-विदर्भातली काळी-पिवळी : बस पोचत नाही तिथे या गाड्या लाखो माणसांना रोज नेतात, तेही एक पैसा अनुदान न घेता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने कंत्राटी वाहनाच्या व्याख्येत मोटार कॅबमधल्या प्रवाशांकडून वेगवेगळे भाडे घेण्याला जागा ठेवली आहे आणि मुंबई महानगर प्रदेशात शेअर मार्गांचे दर परिवहन प्राधिकरण ठरवते. म्हणजे एकत्र प्रवासाची सवय आहे, दर ठरवणारी यंत्रणा आहे. फक्त सार्वजनिक पैसा आणि त्याबरोबर येणारी सार्वजनिक जबाबदारी नाही.

पैसा दुसरीकडे आहे. राज्य सरकारने ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत केला आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट लागू केले. त्या सवलतीची रक्कम सरकार महामंडळाला देते. खेड्यापाड्यांतल्या बायाबापड्यांसाठी ही फार मोठी गोष्ट झाली. पण ही सवलत एसटीच्या दारातच थांबते. तालुक्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी निम्म्या तिकिटात आलेली बाई स्टँडवर उतरते आणि तिथून सरकारी रुग्णालयापर्यंतच्या तीन किलोमीटरसाठी रिक्षाला तेवढेच किंवा त्याहून जास्त पैसे मोजते. रिक्षा भरेपर्यंत थांबण्याची तिची तयारी असते, पण बाळंतीण सून सोबत असेल तर थांबवत नाही. तिच्या प्रवासाचा खरा अडसर त्या शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये आहे आणि तिथे ही सवलत पोचत नाही.

अनुदानित टॅक्सीचे आपल्याकडे काम असेल तर ते असे नेमके आहे. एसटी स्टँड ते जिल्हा रुग्णालय हा शेअर रिक्षाचा मार्ग ठरवून त्यावरच्या रुग्णाचे भाडे भरणे. रात्री अकरानंतर लोकल स्थानकापासून वस्तीपर्यंत बसच्या तिकिटात शेअर टॅक्सी देणे. लंडनप्रमाणे अपंगांना कार्ड देणे आणि ते चालावे म्हणून व्हीलचेअर चढेल अशा गाड्यांना परवान्यात प्राधान्य देणे. बस अजून परवडत नाही अशा नव्या वसाहतीत दोन वर्षे टॅक्सी चालवणे आणि तासाचे प्रवासी ठरलेल्या आकड्यापुढे गेले की तिथे बस सुरू करणे. ही शेवटची अट करारातच लिहिलेली हवी. नाहीतर टॅक्सी कायमची राहते आणि बस कायमची लांबते.

करारात आणखी तीन गोष्टी हव्यात. भाडे ठरवण्याचा अधिकार महापालिकेकडे राहावा. कोण, कुठून, कुठे, किती वाजता जातो याची व्यक्तीचे नाव वगळलेली माहिती महापालिकेला मिळावी, कारण उद्याचा बसमार्ग त्याच माहितीतून आखायचा आहे. आणि चालकाला दर फेरीमागे किती मिळाले, हे जाहीर व्हावे. या अटी मान्य नसलेल्या कंपनीला सार्वजनिक पैसा देऊ नये.

पुढील पाने वाचताना वाचकाने प्रत्येक उदाहरणाला एकच प्रश्न विचारावा : ही टॅक्सी बसकडे माणसे आणते आहे की बसपासून तोडते आहे? जिथे ती आणते, जिथे बस पोचूच शकत नाही तिथे पोचते, जिथे व्हीलचेअरवरच्या माणसाला घराबाहेर काढते, तिथे तिच्यावरचा प्रत्येक रुपया सत्कारणी लागतो. जिथे ती गजबजलेल्या मार्गावर बसची जागा घेते, तिथे ती शहराला महागात पडते आणि शेवटी गरिबालाच मर्यादा घालते. आपल्या महापालिकेच्या अंदाजपत्रकावर हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा वाचकांनी हा प्रश्न तिथे लेखी नोंदवावा, आपल्या वस्तीतले बस न पोचणारे ठिकाण नावासकट कळवावे आणि उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा करावा.